चित्रात मीठ कमी

बायकोच्या चित्रात मीठ कमी पडलंय, असं रेयोला बुधवारी सकाळी अकरा वाजता वाटलं, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

चित्रात मीठ कशाला, असं रेयोनेही पाच वर्षांपूर्वी विचारलं होतं. इर्मेली नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाली, तिने जलरंग हातात घेतले, आणि तेव्हापासून घरात खायच्या वस्तू कुठल्या आणि रंगवायच्या कुठल्या हे सांगणं कठीण झालं. ओल्या निळ्या रंगावर मीठ भुरभुरलं की वाळल्यावर पांढऱ्या चांदण्या उमटतात, हुबेहूब पडता बर्फ. कॉफीच्या चोथ्यातून तिची अस्वलं जन्माला येत, भूर्जाच्या सालीतून घुबडं. (रेयोच्या लोकरी मोज्यातून एक कोल्हाही झाला होता. दुसरा मोजा अजून विधुरासारखा खणात पडून आहे.)

या वेळचं चित्र चांगलं हातभर रुंद होतं. शेजारच्या औलाची रेनडिअर लुमिक्की, जवळ तिचं पाडस, आणि पायांशी खरंखुरं दगडफूल चिकटवलेलं. सहा आठवडे इर्मेली त्यावर कंबर मोडून वाकली होती. शुक्रवारी गावच्या वाचनालयात तिचं पहिलंवहिलं प्रदर्शन होतं आणि मधल्या भिंतीवर हेच लागायचं होतं.

"मी प्रदर्शनाच्या पाट्या लावून येते," टोपी कानावर ओढत ती म्हणाली. "आकाश अजून ओलं आहे. हात लावू नकोस."

"मी कशाला लावतोय?"

"पस्तीस वर्षं संसार केलाय तुझ्याशी. म्हणून सांगतेय."

ती गेली. रेयो चित्राकडे बघत बसला. आयुष्य पोस्टात गेलेल्या माणसाला एखादी वस्तू नुसती पडून राहिलेली बघवत नाही. शिवाय डाव्या कोपऱ्यात बर्फ जरा विरळच वाटत होता. सूप असो की आकाश, चिमूटभर मिठानं कुणाचं वाईट झालंय? (चिमटीची मूठ कधी झाली ते त्याला कळलं नाही.) बाहेर मार्चचं लख्ख ऊन पडलं होतं. त्याने चित्र अलगद उचलून पडवीतल्या बाकावर वाळत ठेवलं आणि बायकोला केवढी मदत केली या समाधानात तो कोचावर आडवा झाला.

फोन वाजला. औला होता.

"रेयो, आमची लुमिक्की तुमच्याकडे आहे का रे?"

"आहे की! पडवीत वाळत घातलीये."

"वाळत?"

"हो. मघाशीच मीठ लावलं. दोन तासांत कडक होईल बघ."

"अरे मेल्या! माझी रेनडिअर मीठ लावून वाळत घातलीस? हाताने वाढवलेलं जनावर ते!"

"अरे, कागदावरची! इर्मेलीच्या चित्रातली!"

"मी खरीचं विचारतोय," औला ओरडला. "सकाळपासून कुंपणाबाहेर आहे. तुमच्याच दिशेनं गेलीये."

रेयोने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. खरी लुमिक्की पडवीत उभी राहून कागदावरच्या लुमिक्कीला मनापासून चाटत होती.

तो मोज्यांवरच धावला. दगडफूल केव्हाच फस्त झालं होतं. आकाशात या टोकापासून त्या टोकापर्यंत जीभ फिरली होती, आईचे पाय धुक्यात गेले होते, आणि पाडस साफ नाहीसं झालं होतं. लुमिक्कीने ओठ चाटत त्याच्याकडे पाहिलं. आणखी आहे का, असा त्या पाहण्याचा अर्थ होता.

सहा आठवडे! मग त्याने तेच केलं, जे घाबरलेले नवरे करतात. त्याने दुरुस्ती केली. चित्र आत आणून, तपकिरी रंग कालवून पाडस पुन्हा काढायला घेतलं. पहिल्यांदा बटाटा झाला. पाय लावल्यावर चार पायांचा बटाटा झाला. तेवढ्यात दार उघडलं.

इर्मेली चित्रापाशी थांबली. रेयोने काहीही न लपवता सगळं सांगितलं, मीठसुद्धा. "तिनं माझी पेन्शनची कागदपत्रं खाल्ली असती तरी चाललं असतं गं," तो शेवटी म्हणाला.

तिचे खांदे हलायला लागले. रडतेय, असं वाटून त्याने हात पुढे केला. ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"हे धुकं बघ," ती म्हणाली. "पाच वर्षं मला जमलं नाही ते त्या बयेनं एका जिभेत केलं!"

"आणि हे पाडस? खरवडून काढ ते."

"राहू दे. तुझ्या हातचं आहे."

शुक्रवारी चित्र मधल्या भिंतीवर लागलं. खालच्या पाटीवर इर्मेलीने नीट अक्षरात लिहिलं होतं: जलरंग, मीठ, दगडफुलाचे अवशेष आणि लुमिक्कीची जीभ. सगळा गाव तिथं लोटला. धुक्यापुढे लोक टोपी काढून उभे राहत होते. रेयो नवा कोट घालून जवळच घुटमळत होता. एखादा शब्द आपल्याही वाट्याला येईल, अशी त्याला आशा होती.

औला बराच वेळ चित्र न्याहाळत राहिला. मग त्याने आईजवळच्या तपकिरी आकाराकडे बोट दाखवलं आणि भर गर्दीत, काळजीच्या सुरात विचारलं,

"इर्मेली, जिभेचं समजलं मला. पण हे इथलं, हे लुमिक्कीनं कुठल्या अंगानं केलं?"