ढोबळेकाकांची चहाची शर्त

ढोबळेकाका कुठल्याही गोष्टीवर शर्त लावतात. सिग्नल सुटल्यावर आधी स्कूटर निघेल की ऑटो, आज नळ किती वाजता जाईल, शेजारच्या कुत्रीला पिल्लं किती होतील. मी मनीषनगरात राहायला आलो त्या दिवशी माझं कपाट जिन्यात अडकलं होतं. खाली उभं राहून हे अनोळखी गृहस्थ म्हणाले, "हे वर जात नाही. लागली शर्त?" कपाट गेलं. काका हरले आणि मला पहिल्याच दिवशी शेजार मिळाला.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस. पैशाची शर्त त्यांना चालत नाही. "पैसा आला का मजा गेली, राजा." नियम एकच. काका हरले तर त्यांनी आपल्या घरी चहा पाजायचा. काका जिंकले तर हरणाऱ्यानं त्यांच्या घरी येऊन, त्यांच्याच ओट्यावर चहा करायचा. पत्ती, साखर त्यांचीच. या नियमात काही खटकतं, असं सहा वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही. काकू गेल्यापासून काकांच्या हातचा चहा फारच कडक होतो, एवढीच माझी तक्रार असे.

मग शहराबाहेर कॅसिनो येणार अशी बोलवा उठली आणि कॉलनीत दोन तट पडले. एक म्हणे रोजगार येईल, प्लॉटचे भाव वाढतील. दुसरा म्हणे पोरं वाया जातील. ज्यांना पोरंच नव्हती तेही पोरांच्या काळजीनं वाळले. रविवारी सकाळी सभा ठरली. कॅसिनोवाल्या गटानं काकांना पुढच्या खुर्चीवर बसवलं, पोहे दिले, वर तर्री दोनदा घातली. शर्तीचा माणूस आपल्याच बाजूनं बोलणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

काकांनी पोहे संपवले, मिशा पुसल्या आणि उठून कॅसिनोला विरोध केला.

"काहून, काका?" कुणीतरी कळवळून विचारलं.

"तिथं हरलेल्या माणसाले कोणी बस म्हणते का? पैसे घेतात अन् देतात घरी धाडून. याले काय खेळ म्हणतात?"

विरोधाचा ठराव झाला. आमचे सेक्रेटरी कडूसाहेब कामात पक्के. त्यांनी मसुद्यात कॅसिनोच्या पुढे ‘तसेच कॉलनीतील सर्व प्रकारच्या शर्ती, पैजा व नशिबाचे खेळ’ हेही घातलं. महिला मंडळानं विचारलं, मग कोजागिरीच्या तंबोल्याचं काय? तंबोला हा सांस्कृतिक कार्यक्रम आहे, असं कडूसाहेबांनी ताबडतोब मान्य केलं. काकांच्या शर्तींबद्दल कुणी बोललं नाही. मीही नाही. पहिली सही काकांनीच केली.

"तुमच्यासाठी नाही हो ते," बाहेर आल्यावर मी म्हणालो.

"सही केली ना मी? मंग?"

सोमवारपासून काकांची शर्त बंद. सिग्नलकडे बघत उभे राहायचे, तोंड उघडायचे, मिटायचे. मी हसून पुढे जायचो. चार-पाच दिवसांनी लक्षात आलं की सभेपासून त्यांच्या घरी कुणी गेलेलंच नाही. जायचं तर काय कारण काढून? शर्त हेच कारण होतं. ते त्यांनी स्वतः शोधून काढलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी हात वर करून काढून घेतलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

तरी मी गेलो नाही. काकाच आले. शनिवारी संध्याकाळी, इस्त्रीचा शर्ट घालून, दारात.

"काय करून राहिला गा?"

"काही नाही, काका. या ना आत."

"नाही, आत नाही येत." ते बराच वेळ माझ्या पायपुसण्याकडे बघत राहिले. "म्हटलं, चहाले येतं का? शर्त-बिर्त नाही. असाच."

सत्तरी ओलांडलेला माणूस, पण आवाज असा की मी नाही म्हटलं असतं तर तिथंच मटकन बसला असता. मी चपला घातल्या. काका पुढे, मी मागे. जिना उतरताना ते दर दोन-तीन पायऱ्यांवर थांबत होते आणि मी येतोय ना, हे वळून बघत होते.