चारच्या आत तीन कवळ्या

"आज तोंड बंद ठेव आणि बूट पुसून ठेव," शर्टावर इस्त्री फिरवता फिरवता थोरले ब्रदर म्हणाले. "मोठेसाहेब विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. जास्तीचं पाल्हाळ नको."

"आणि सात महिन्यांत किती घरांत गेलास, असं विचारलं तर?"

थोरल्या ब्रदरांनी इस्त्री उभी करून ठेवली. "तर देवाची इच्छा," म्हणाले आणि दुसरी बाही ओढून घेतली.

हा प्रश्न धाकट्या ब्रदरचा होता. एकोणीस दिवस बोटीत काढून तो या परक्या देशात मिशनच्या कामाला आला होता. वय वीस. निघाला तेव्हा अख्खी आळी धक्क्यावर पोचवायला आली होती. आत्याने स्वेटर दिला होता, आई तोंडाला पदर लावून उभी होती आणि वडील उगाचच ट्रंकेचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघत होते. त्या दिवसांत परदेशी जायचं म्हणजे तीन वर्षं नुसतं पत्रांतूनच भेटायचं.

इथे आल्यापासून त्याची तीन गावं झाली होती आणि तिन्ही गावांतली दारंच तेवढी त्याने पाहिली होती. लोक वाईट नव्हते. पडद्याआडून पांढरा शर्ट, टाय आणि खिशावरचा पितळी बिल्ला दिसला की घर एकदम चिडीचूप व्हायचं, इतकंच. एका घरात तर त्याची चाहूल लागताच चालू रेडिओ बंद केला होता, आणि घरी कोणी नाही हे पटावं म्हणून आतल्या माणसांनी श्वासही रोखून धरले असावेत.

मिशनचा नियम साधा होता. सात महिन्यांत निदान एका घरात तरी पाऊल पडलं पाहिजे. नाही पडलं, तर मोठेसाहेब दौऱ्यावर येऊन समोर बसवून बोलत आणि बहुधा पुढच्या बोटीचं तिकीट हातात देत. मोठेसाहेब कालच गावात आले होते, अतिथिगृहात उतरले होते आणि आज चार वाजता त्यांनी दोघांना बोलावलं होतं. 'परत पाठवलेला' ही पाटी आळीत जन्मभर गळ्यात राहिली असती.

"दोन वाजले. तेवढं टपाल टाकून ये," थोरले ब्रदर म्हणाले. "आणि सायकल हळू चालव. तुझ्या सायकलीला ब्रेक नाही."

धाकटा पोस्टात गेला, टपाल टाकलं, बाहेर आला आणि सायकलवर बसला. मनात एकच घोकणं चाललं होतं. 'साहेब, दारं फार ठोठावली...' नको, हे रडगाणं वाटतं. 'साहेब, लोक लाजरे आहेत...' हे तर खोटंच. वळण आलं तसा त्याने सवयीप्रमाणे सगळा जोर लावून ब्रेक दाबला. त्याच्या सायकलीला एवढं केल्यावर कुठे थोडी दया येत असे. ही सायकल मात्र जागच्या जागी खिळली आणि धाकटा ब्रदर हँडलवरून उडून रस्त्याकडेच्या गवतात जाऊन बसला.

मान वळवून बघतो तर सायकलच्या मागे लाकडी पेटी. आपल्या सायकलला पेटी नव्हती! पेटीचं झाकण उघडलेलं, तीन पुठ्ठ्याचे डबे रस्त्यावर आडवेतिडवे, आणि त्यांतून निसटलेल्या तीन कवळ्या आभाळाकडे बघून हसताहेत.

त्याने कवळ्या रुमालात गोळा केल्या, डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. पण कुठली कवळी कुठल्या डब्यातली, ते देवालाच ठाऊक. पेटीसकट ती सायकल ढकलत तो धावतपळत पोस्टात परतला. त्याची स्वतःची सायकल जागेवर नव्हती.

"अहो, तुम्ही होय तो चोर!" खिडकीमागच्या बाई मोठ्याने म्हणाल्या. "दातवाला आत्ताच गेला पोलिसात. तुमचीच सायकल घेऊन गेला."

"बाई, मी चोर नाही हो. दोन्ही सायकली काळ्या..."

"ते मला नका सांगू. तो बिचारा डोक्याला हात लावून बसला होता. सायकलीचं काही नाही, म्हणाला, पण तीन कवळ्या दुरुस्त करून चारच्या आत पोचवायचा शब्द दिलाय. त्या पोचल्या नाहीत तर गावात तोंड दाखवता येणार नाही."

पोलिसांत जावं तर चार तिथेच वाजणार. न जावं तर मिशनच्या माणसाने चोरी केली म्हणून उद्या गावभर बोभाटा. धाकट्याने घड्याळ पाहिलं. पावणेतीन. कवळ्या आपणच पोचवायच्या, मग चोर कोण म्हणेल?

पहिली चिठ्ठी निवृत्त स्टेशनमास्तरांची होती. धाकट्याने दार वाजवलं आणि नेहमीच्या सवयीने एक पाऊल मागे सरकला. दार ताडकन उघडलं.

"ये, ये, ये! किती वाट पाहायला लावलीस, बाळा! आत ये आधी!"

सात महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी 'आत ये' म्हणालं होतं. धाकट्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. मास्तरांनी त्याला खुर्चीत बसवलं, सरबत पुढे केलं. पाठ केलेला धडा सांगायची हीच वेळ, असं क्षणभर त्याला वाटलंही. पण मास्तरांची नजर सारखी रुमालावर.

"काका, एक घोटाळा झालाय. यातली तुमची कुठली ते..."

"आण इकडे. चष्मा कुठे ठेवलाय कोणास ठाऊक." मास्तरांनी हाताला आली ती कवळी उचलली, नळाखाली खळखळून धुतली आणि तोंडात बसवली. "वा! काय सुरेख बसवलीय! आधी टोचायची."

"पण काका, तुमचीच आहे ना?"

"अरे, माझं तोंड मला कळत नाही होय?"

दुसरं घर चार दारं सोडून, वरच्या मजल्यावर होतं. तिथे गाणं शिकवणाऱ्या बाई राहत होत्या. त्यांनीही त्याला हाताला धरूनच आत नेलं. कवळी नसल्यामुळे चार दिवस शिकवण्या बंद होत्या. त्यांनी रुमाल उघडला, आपली कवळी नेमकी उचलली, आत जाऊन बसवून आल्या आणि आधी सा लावून पाहिला. मग उरलेली कवळी उजेडात धरून म्हणाल्या, "ही तर आमच्या मास्तरांची! समोर खाच पडलीय बघ, शिट्टी धरून धरून. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण तीन वीसची गाडी अजून ते गॅलरीतून शिट्टी मारून सोडतात."

"मग त्यांच्या तोंडात आहे ती कोणाची?"

"तुझ्याकडे तिसरी चिठ्ठी असेल ना?"

होती. 'अतिथिगृह, खोली चार. अत्यंत तातडीचे. फक्त स्वतःच्या हातात द्यावे.'

धाकटा तीन तीन पायऱ्यांनी जिना उतरून मास्तरांकडे परतला. मास्तर खुर्चीत बसून अक्रोड फोडत होते, तेही दातांनी.

"काका, ती कवळी तुमची नाही! परत द्या."

"परत? बारा वर्षांत पहिला अक्रोड फुटला, बाळा. आता मी मेलो तरी देणार नाही."

"अहो, ती दुसऱ्या माणसाची आहे. तो बिचारा वाट बघत असेल."

"मग त्याला माझी दे. चांगली आहे."

घड्याळात तीन अठरा झाले होते. धाकट्याने घरोघर सांगायला पाठ केलेला सगळा उपदेश आठवून पाहिला. दुसऱ्याची कवळी परत करण्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. तेवढ्यात लांबून गाडीचा आवाज आला आणि मास्तर शिट्टी घेऊन ताठ मानेने गॅलरीत गेले. छाती भरून घेतली, शिट्टी दातांत धरली. ती निसटली. पुन्हा धरली, फुंकली. नुसतीच हवा गेली. गाडी आली, आणि मास्तरांची पर्वा न करता निघूनही गेली.

मास्तर गॅलरीतच उभे राहिले. मग आत आले, कवळी काढली, धुतली, पुसली आणि धाकट्याच्या हातावर ठेवली. स्वतःची बसवली आणि रिकाम्या रुळांकडे पाहून एक खणखणीत शिट्टी मारली.

"उशिरा का होईना," ते म्हणाले, "सुटली एकदाची."

अतिथिगृहात पोचेपर्यंत चारला दहा कमी होते. दुसऱ्याच्या तोंडात जाऊन आलेली वस्तू ज्याची त्याला द्यायची म्हणून धाकट्याने पोर्चातल्या नळावर ती आणखी दोनदा धुतली आणि डब्यात ठेवली. मग खोली चारचं दार वाजवलं. दार बोटभर उघडलं. फटीतून एक हात बाहेर आला, त्यामागे मफलर आणि मफलरच्या वर दोन भेदरलेले डोळे. ते डोळे आधी डब्यावर गेले, मग धाकट्याच्या बिल्ल्यावर. ते मोठेसाहेब होते.

ज्यांचं भाषण ऐकायला माणसं दुसऱ्या गावाहून येत, ज्यांच्या शुभ्र हास्याचा फोटो मिशनच्या प्रत्येक खोलीत लावलेला होता, ते मोठेसाहेब! दोघांपैकी कोणाच्याच तोंडून शब्द फुटेना. धाकट्याची बोबडी वळली होती आणि साहेबांची अडचण वेगळी होती. हाताने डबा घेतला आणि दार लागलं.

चार वाजता तेच दार पूर्ण उघडलं. मोठेसाहेब फोटोतल्यासारखे हसत बसले होते. थोरल्या ब्रदरांनी कागद काढला, घसा साफ केला.

"सात महिने, साहेब. गावं तीन. घरात प्रवेश..." त्यांनी धाकट्याकडे वाईट वाटून पाहिलं. "एकाही घरात नाही."

"हं," मोठेसाहेब म्हणाले. त्यांच्यासमोर टेबलावर बोटीच्या तिकिटाचं पाकीट होतं.

धाकट्याने सांगितल्याप्रमाणे तोंड बंद ठेवलं. तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि अंगभर कुंपणाचे काटे टोचलेला एक माणूस आत घुसला. मागे हवालदार.

"हाच तो! माझी सायकल बाहेर उभी आहे! आणि याच्या सायकलला ब्रेक नाही, दोनदा कुंपणात गेलो!" दातवाला ओरडला. मग त्याची नजर खुर्चीकडे गेली. "आणि साहेब, तुमची ती—"

"छत्री!" मोठेसाहेब खुर्चीतून उठलेच. "माझी छत्री मिळाली मला. अगदी वेळेवर मिळाली."

दातवाल्याने तीस वर्षांत गावातल्या एकाही तोंडाचं गुपित बाहेर काढलं नव्हतं. त्याने एकदा थोरल्या ब्रदरांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"असं होय. नीट उघडते-मिटते ना?"

"उत्तम."

"गरम पाणी लावू नका तिला. आणि झोपताना गार पाण्यात ठेवत जा."

"छत्री?" थोरल्या ब्रदरांनी विचारलं.

"पण सायकल चोरली त्याचं काय?" हवालदाराने वही उघडली.

मोठेसाहेबांनी एकदा धाकट्याकडे पाहिलं, एकदा छताकडे. खरं बोलण्यावर त्यांनी आयुष्यभर व्याख्यानं दिली होती. "सायकल," ते सावकाश म्हणाले, "माझ्या सांगण्यावरून नेली. छत्री तातडीची होती."

हवालदाराने वही मिटली. दातवाला जाता जाता धाकट्याला म्हणाला, "तिन्ही पोचल्या?"

"तिन्ही."

"मग माझी काही तक्रार नाही. फक्त तो ब्रेक बघून घे, बाबा."

दार लागलं. मोठेसाहेबांनी तिकिटाचं पाकीट उचललं, थोडा वेळ हातात धरलं आणि स्वतःच्या बॅगेत टाकलं.

"या मुलाला परत पाठवता येणार नाही," ते थोरल्या ब्रदरांना म्हणाले. "इथेही एकटा ठेवता येणार नाही. उद्यापासून हा माझ्याबरोबर दौऱ्यावर राहील. सगळ्या गावांना. माझ्या नजरेसमोर."

"साहेबांची... खासगी व्यवस्था बघायला?" थोरल्या ब्रदरांचा आ वासला. अकरा वर्षं ते या बढतीची वाट पाहत होते.

"तसं म्हणा."

जिना उतरताना थोरल्या ब्रदरांनी धाकट्याला मधल्या पायरीवरच थांबवलं.

"खरं सांग. आज कुठे होतास तू?"

"दोन घरांत."

"दोन? एका दुपारी? आत?"

"आत. एका घरी सरबतही दिलं."

"अरे, मग दारात बोललास तरी काय?"

धाकट्याला साहेबांचे मफलरवरचे डोळे आठवले. खरं सांगायची सोय नव्हती आणि आजच्या वाट्याचं खोटं साहेबांनी आधीच बोलून संपवलं होतं.

"काहीच नाही बोललो," तो म्हणाला. "त्यांना जे हवं होतं, तेवढंच हातात घेऊन गेलो."

थोरल्या ब्रदरांनी खिशातून छोटी वही काढली, ते वाक्य त्यात लिहून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. पुढच्या वर्षी बोटीने जी नवी मुलं आली, त्यांना पहिल्याच दिवशी ते वाक्य तोंडपाठ करायला लावलं. शिकवायला स्वतः मोठेसाहेब उभे होते. सगळी मुलं एका सुरात म्हणत होती आणि मागच्या बाकावर बसलेला धाकटा ब्रदर मान खाली घालून आपले बूट बघत होता.