आदी त्याचं बोल

शिवी वाचली की किसनआबा पहिल्यांदा विचारतात, "जेवलास का?"

तेही लिहून नाही, थेट फोन करून. समोरचा तावातावाने उचलतो आणि गडबडून "न्हाई अजून" म्हणतो. "मंग जेव आदी. उपाशी मानूस लय वाईट लिवतं," असं सांगून आबा फोन ठेवतात. निम्मी भांडणं भाकरीबरोबर पोटात जातात.

आबा इंदुरीचे. आमच्या बैलगाडा शौकिनांच्या ग्रूपचे एकुलते एक ॲडमिन. आमच्या मावळात शर्यतीच्या बैलांना चाहते असतात, आणि चाहते म्हटले की भांडणं आलीच. पूर्वी उचलली जीभ लावली टाळ्याला असं चालायचं, आता जिभेचं काम अंगठा करतो. मी लोणावळ्यात एका हॉटेलच्या काउंटरवर बसतो. धबधबा लांब आहे म्हणून हॉटेलला एकच तारा देणारी माणसं मी रोज वाचतो. त्यामुळे आबांचा ग्रूप मला देवळासारखा वाटतो. फक्त इथं देव शेण टाकतात, एवढाच फरक.

आबांचा कायदा एकच: "आदी त्याचं बोल, मग तुजं." म्हणजे ज्याला खोडून काढायचं, त्याचं म्हणणं आधी आपण नीट लिहायचं. तो "व्हय, हेच म्हनायचं व्हतं" म्हणाला की मग आपलं तोंड उघडायचं. एकदा दोघं जण कुठला बैल भारी यावरून हमरीतुमरीवर आले. आबांनी दोघांना एकमेकांची बाजू मांडायला लावली. संध्याकाळपर्यंत दोघांना समोरच्याचं इतकं पटलं की दोघांनी बाजू बदलल्या आणि पुन्हा तितक्याच जोरात भांडू लागले. आबा खूश! म्हणाले, "भांडू दे. पर बग, कसं समजून भांडत्यात."

एका गोष्टीला मात्र माफी नव्हती. कुणाच्या बापावर गेलं की ग्रूपबाहेर. समोरच्याची बाजू नीट मांडायची तयारी झाली की परत आत.

गेल्या हंगामात ग्रूपमधल्या संपतचा बैल हिऱ्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, मध्येच थांबला. नवनाथ नावाच्या पोरसवदा शौकिनानं लिहिलं, "हिऱ्या संपला. पाय लटपटतात. घरी बसवा."

आबांचं उत्तर क्षणात आलं. "तुज्या बापाचं पाय लटपटत्यात."

आणि पुढच्याच मिनिटाला ओळ उमटली: किसनआबा ग्रूप सोडून गेले. स्वतःचाच कायदा स्वतःला लावून माणूस मोकळा! ॲडमिन गेला की ॲप आपलंआपण कुणाला तरी ॲडमिन करतं. त्यानं मला गादीवर बसवलं. दोन दिवसांत ग्रूपचा मासळीबाजार झाला. "जेवलास का?" विचारून पाहिलं, तर एकानं "तू खाऊ घालनार हायस का?" असं सुनावलं. शेवटी मी रजा टाकून इंदुरी गाठली.

आबा ओसरीवर खाटेवर बसले होते. गोठा रिकामा होता. मी टेकायच्या आत त्यांनी विचारलं, "फोटू टाकला का संपतनं?"

मी फोन दिला. हिऱ्याचा फोटो दोन बोटांनी मोठा करत ते त्याच्या गुडघ्यापर्यंत गेले आणि तिथंच थांबले.

"माजाच हाय त्यो," आबा म्हणाले. "गाय व्याताना गेली. बाटलीनं दूध पाजून वाढवला. मग माजं गुडघं गेलं, पळवनार कोन? संपतला दिला. एकदा बगायला गेलतो, तर माज्या मागं दोन दिस वैरनीला तोंड लावलं न्हाई त्यानं. तवापास्नं जात न्हाई. ग्रूपवरच बगतो."

माणसं भांडून ग्रूप सोडून गेली की त्यांच्या बैलांचे फोटोही जातात. आबांच्या सगळ्या सभ्यतेमागे ही धास्ती होती. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

"परत या आबा," मी म्हटलं.

"कायदा हाय," ते म्हणाले. "घे मला. लिवतो."

मी त्यांना परत घेतलं. एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं: "नवनाथ, तुज्या बापावर गेलो, चुकलं. तुजं म्हननं असं. हिऱ्यानं लय दिलं. आता गुडघं थकलं. पळवला तर पडंल. संपत घाटावर नेतो ते मायेनंच, पर पडायच्या आदी घरी बसवला तर त्याचा मान ऱ्हाईल."

लगेच उत्तर आलं. "व्हय आबा. हेच म्हनायचं व्हतं. मला एवढं नीट आलं न्हाई."

आता आबांची पाळी होती. अंगठा बराच वेळ काचेवर नुसता धरलेला. मग लिहिलं, "आता माजं. माजंबी हेच."

थोड्या वेळानं संपतचं आलं, "आबा म्हनत्यात तर बसवतो घरी."

आबांनी फोन खाटेवर पालथा ठेवला आणि धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत राहिले. मला राहवेना. "आबा, आता घाटावरचा फोटो यायचा नाही त्याचा."

"न्हाई यायचा," आबा म्हणाले. "पर पडायचाबी न्हाई."