तीन जसमतभाई आणि एक बशी

समजूबांची तक्रार एवढीच होती, की त्यांची सून माणसांपेक्षा यंत्राशी जास्त गोड बोलते. घरात "हो बा", "बघते बा" यापलीकडे किन्नरीचा शब्द खर्च होत नाही, आणि त्या न दिसणाऱ्या एजंटला मात्र मांडीवर घेऊन भरवावं तशी ती सूचना भरवते.

राजकोटला पंपांचं दुकान खाली आणि घर वर. किन्नरी हिशेबाचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीचं काम घरून करी. त्या सॉफ्टवेअरमध्ये गिऱ्हाईक शोधायची एक सोय होती. ती कशी वापरायची, हे एआय एजंटला उमजेल असं लिहायचं, हेच तिचं काम. तपासून बघायला तिनं दुकानाचीच गिऱ्हाइकं घेतली होती.

"काय लिहिलंयस, वाच."

"'नाव द्या, गिऱ्हाईक मिळेल. एका नावाची अनेक मिळाली तर आपल्या मनानं निवडू नका. विचारा.'"

"विचारा? दारात आलेल्याला 'तू कोण' विचारायचं? त्यापेक्षा दार लावून घ्यावं!"

समजूबांचे यजमान, म्हणजे दुकानाचे मालक, होते तेव्हा दुकानात कुणाला नाव विचारलं गेलं नव्हतं. मालकांना नावं आठवत, असं नव्हे. गिऱ्हाईक पायरी चढलं की ते छताकडे बघून हाक मारत, "चहा!" समजूबा खिडकीतून डोकावत आणि ओरडत, "गोंडलच्या रणछोडभाईंना साखर कमी ना?" लगेच खालून मालक, "या या, रणछोडभाई!" असा तो संसार चालला.

आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दुकानाला पन्नास वर्षं होत होती आणि समजूबांना एकच माणूस हवा होता. जसमतभाई. पहिला पंप त्यांनी नेला. पुढे ते नुसते बसायलाही येत. ते आले की वरून चहा एकच जाई. कप त्यांचा, बशी मालकांची. मालक गेले, गादी रिकामी राहिली, आणि जसमतभाई पुन्हा पायरी चढले नाहीत. त्या गादीशेजारच्या खुर्चीत समजूबांना त्यांना एकदा बसलेलं बघायचं होतं.

"तुझ्या एजंटला सांग, जसमतभाईंना आमंत्रण धाड. तुम्ही आमचं पहिलं गिऱ्हाईक, गादीशेजारची खुर्ची तुमची, असं लिही म्हणावं."

एजंटचं उत्तर आलं, "जसमतभाई तीन आहेत. कोणते?"

"मला विचारतो? काल जन्मलेला, मला?"

"बा, गाव सांगा फक्त."

गावाचं नाव समजूबांच्या जिभेपर्यंत आलं आणि तिथूनच माघारी गेलं. पण 'विसरले' हा शब्द त्यांनी उभ्या जन्मात वापरला नव्हता.

"ती विचारायची ओळ खोड. लिही, घरच्या वडीलधाऱ्यांना उलट प्रश्न करू नये. सांगितलेलं काम पुरं करावं."

"घोटाळा होईल, बा."

"होऊ दे. माझ्याच घरात होईल ना?"

किन्नरीनं ओळ बदलली. एजंट आज्ञाधारक निघाला. उलट काही विचारलं नाही. आमंत्रण तिघांनाही धाडलं.

आखातीजेला पहिले जसमतभाई लिंबांची टोपली घेऊन आले, दुसरे शेंगांची पिशवी. दोघंही पांढऱ्या कपड्यांत, पांढऱ्या मिशांत, आणि दोघंही त्याच खुर्चीकडे.

"उठा भाई, ही माझी."

"तुमची कशी? बांनी स्वतः लिहिलंय, पहिलं गिऱ्हाईक!"

"मग मी काय उष्टा पंप नेला होता?"

तेवढ्यात तिसरे आले आणि दाराशीच उभे राहिले. समजूबांचा मुलगा भूपत तिघांपुढे आळीपाळीनं हात जोडू लागला.

"बा, मी विचारून येऊ का?" किन्नरी हळूच म्हणाली.

"खबरदार!"

समजूबा खिडकीशी गेल्या. तेव्हा मिशा काळ्या होत्या. आता मिशाही पांढऱ्या आणि समजूबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी जुनाच बाण काढला. "जसमतभाई, चहा नेहमीचाच ना?"

"हो बा!" खालून एकदम तीन आवाज.

चहा गेला. दोघांनी बशीत ओतून फुर्र केला. तिसऱ्यांनीही अर्धा चहा बशीत ओतला आणि, सवयीनंच, बशी रिकाम्या गादीकडे सरकवली. मग भानावर आले. हात तसाच बशीवर राहिला.

समजूबा गुडघा धरत जिना उतरल्या. पहिल्यांदाच त्या गादीवर टेकल्या आणि ती बशी उचलून एका घोटात संपवली.

"गाव कुठलं हो तुमचं, भाई?" त्यांनी विचारलं.

"जसदण, बा. नावही विसरला असाल, तर जसमत."

"ते नाही विसरले. ते आज फारच ऐकलंय." मग डोळे पुसून त्या ओरडल्या, "भूपत, आणखी दोन खुर्च्या आण! पहिलं गिऱ्हाईक एकच असतं, पण आमरस सगळ्यांना पुरतो."

किन्नरी जिन्यात हसू दाबत उभी होती. समजूबांनी तिला सगळ्यांसमोर सुनावलं, "दात काढू नकोस. ती खोडलेली ओळ परत लिही. बरोबर होती. पण उद्धट होती. नुसतं 'विचारा' काय? लिही, आधी चहा द्यावा, मग विचारावं!"