टोपल्यांच्या मागणीपायी कोंबड्यांचा संहार जाहला, त्याची बखर

श्री वाघदेव समर्थ. डोंगर उभा असो, रान हिरवे असो, ऐकणाराचे कान शाबूत असोत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका डोंगरी राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे. लाडकीबाई वावरे बचतगटाच्या तख्ती विराजमान होत्या. जून बांबू तोडावा, कोवळ्या कोंबास हात लावू नये, आणि टोपल्या विणाव्या, ऐसा त्यांचा कायदा. मग त्यांनी मोबाईलवर टोपल्यांचे फोटो चढविले, आणि शहरोशहरीहून मागण्या धावत आल्या, आणि प्लास्टिकच्या फौजेस धडकी भरली. परंतु रेंज मिळे ती एकाच जागी, टेकडीवर वाघदेवाच्या शिळेपाशी. आणि देवापुढे रित्या हाती उभे राहू नये, घरी वाढविलेले कोंबडे वाहावे, ही वाडवडिलांची चाल. मग रोज मागणी पाहावी आणि रोज कोंबडे वाहावे, ऐसा क्रम चालिला. धंदा वाढला, खुराडी ओस पडली, आणि रयत रस्सा खाऊन मेटाकुटीस आली. "बाई गं, आज तरी डाळ कर," ऐसे पुरुष विनवू लागले.

अखेर राज्यात एकच कोंबडा उरला, तो लाडकीबाईंच्या नणंदेचा, जिवलीचा. तिने त्यास पिलापासून पदराखाली वाढविला होता. आणि त्याच दिवशी मोठ्या मागणीस उत्तर देणे होते, न दिल्यास गिऱ्हाईक प्लास्टिकास फितूर होणार.

"जिवले, आण त्याला."

"वहिनी, त्यापरीस मलाच वाहा!"

"तुला वाहिली तं देव गाव सोडून जाईल. भांडतेस किती!"

मग जिवली कोंबडा उराशी धरून टेकडी चढली आणि गाऊ लागली:

माझ्या कोंबड्याचा तुरा, जसा फुलला पळस
त्यानं बांग नाही दिली, सूर्या येईल आळस

ते ऐकून काकड्या भगत, जो देवाचा पुजारी, त्याचे डोळे पाझरले, आणि त्याने देवास कौल लाविला. "देवा, बांबू तुझ्या रानचा, रेंज तुझ्या दारची. धंद्यात तू भागीदार असशील तर उजवा कौल दे, नसशील तर डावा दे आणि कोंबडा घे." उजवा कौल पडला! "झालं तं मग," भगत बोलिला, "भागीदाराच्या दारी कुणी नजराणा नेतं का गं?" जिवलीने कोंबड्याचा मुका घेतला, कोंबड्याने तिच्या नाकास चोच मारली, आणि लाडकीबाईंनी तेथेच मागणीस उत्तर धाडिले, खाली भागीदार म्हणून वाघदेवाचे नाव घातले.

मग गिऱ्हाईकाने पुसले, "आपले भागीदार नेमके काय काम पाहतात?"

लाडकीबाईंनी लिहिले, "काम काही करत नाहीत. पण डोंगर त्यांचा आहे."

येणेप्रमाणे धंदा तगला, रान तगले, कोंबडाही तगला. घडले तैसे लिहिले, बोरू खाली ठेविला.