न दुखणारी दाढ

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांची मुलगी गेले पंधरा दिवस घरात तीनच शब्द बोलत होती : "हं", "नको" आणि "बघू". मास्तरांनी काहीही विचारलं तरी या तिन्हींपैकी एक उत्तर यायचं आणि तिच्या खोलीचं दार लागायचं. एकुलती एक मुलगी, नुकतीच अठरा पूर्ण झालेली. लहानपणी हीच मुलगी शाळेतून आली की चपला काढायच्या आधी बोलायला सुरुवात करायची.

अशात एका दुपारी, उशीर करणाऱ्या विद्यार्थ्याची वाट बघत गाडीत बसले असताना मास्तरांच्या हाती पेपरची पुरवणी लागली. 'माणसं जोडण्याचं मानसशास्त्र' असं वर मोठ्या अक्षरांत छापलं होतं. समोरचा माणूस बसतो तसं बसा, तो हात हलवतो तसे हलवा, नकळत त्याला तुमच्याबद्दल आपुलकी वाटू लागते आणि तो मन मोकळं करतो, असं लेखात म्हटलं होतं. मास्तरांनी लेख दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि त्याच रात्री जेवताना कामाला लागले.

मुलगी खुर्चीत मागे रेलली, मास्तर रेलले. तिने पाण्याचा पेला उचलला, यांनी उचलला. तिने कपाळावरची बट कानामागे सारली. मास्तरांच्या डोक्यावर बटच काय, केसही मोजकेच होते, तरी त्यांनी कानामागे काहीतरी सारलं. मुलीने एकदा रोखून पाहिलं आणि पान अर्धं टाकून उठली.

"काय करताय हो?" बायकोने विचारलं.

"काही नाही. खाजलं."

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी डावा गाल तळहातावर टेकवून चहात बिस्किट बुडवत बसली होती. मास्तरही डावा गाल तळहातावर टेकवून बसले. बिस्किट विरघळून तळाशी गेलं तरी ती हलेना, मग हेही हलेनात.

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. माणसाच्या चेहऱ्यावर काय बिनसलंय ते ओळखण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिने डबा भरता भरता विचारलं, "दाढ दुखतेय का?"

समोर मुलगी बसलेली. तिच्यादेखत 'मी हिची नक्कल करतोय' असं कसं सांगणार? मास्तर म्हणाले, "थोडीशी."

तेवढं पुरलं. दहा मिनिटांत दातांच्या दवाखान्यात चारची वेळ ठरली. "तू जा बरोबर," बायकोने मुलीला बजावलं. "नाहीतर हे दवाखान्याच्या दारातून परत येतील."

"हं," मुलगी म्हणाली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना पाहताच मास्तर उंबऱ्यावरच थांबले. चार वर्षांपूर्वी या बाई त्यांच्याकडे गाडी शिकायला होत्या. चौकात गाडी बंद पडली तेव्हा मास्तर त्यांच्यावर इतके ओरडले होते, की शेजारच्या बसमधल्या लोकांनी खिडक्या उघडल्या होत्या.

"या मास्तर," बाई प्रसन्न हसल्या. "बसा. आता मी सांगेन तेव्हाच तोंड उघडायचं, आणि मी सांगेन तेव्हाच मिटायचं."

"डॉक्टर, खरं सांगू का, दाढ दुखत नाहीये."

"या खुर्चीत बसल्यावर कोणाचीच दुखत नाही. कुठली बाजू?"

मुलगी दारात उभी होती. मास्तरांनी निमूटपणे डाव्या गालाकडे बोट दाखवलं. बाईंनी आरसा घातला, दिवा ओढला, ठकठक करून पाहिलं. डावीकडचे दात ठणठणीत निघाले. उजवीकडे मात्र शेवटच्या दाढेत चांगली खोल कीड होती.

"गंमत आहे," बाई म्हणाल्या. "दुखते डावीकडे आणि किडलीय उजवीकडे. बरं झालं आलात, आणखी महिनाभराने काढावीच लागली असती." मास्तरांनी काही म्हणायच्या आत सुई टोचली गेली होती.

पाऊण तासाने ते बाहेर आले, तेव्हा त्यांचा अर्धा चेहरा परक्याचा झाला होता. ओठ कुठे संपतो ते कळत नव्हतं. "दोन-तीन तास बोलू नका, जीभ चावाल," बाईंनी बजावलं होतं. "आणि अर्धा तास तरी गाडी चालवू नका."

दोघं शिकवणीच्या गाडीत येऊन बसले. मास्तर स्टिअरिंगमागे आणि मुलगी शेजारच्या सीटवर, जिथे एरवी मास्तर बसत. तिथे पायाखाली शिकवणाऱ्यासाठी वेगळा ब्रेक होता. मुलीने त्यावर हळूच पाय ठेवून पाहिला.

"बाबा," ती म्हणाली, "तुला आत्ता बोलता येत नाही ना?"

मास्तरांनी मान हलवली.

"मग आत्ताच सांगते." तिने मोठा श्वास घेतला. "तुला ते पत्र सापडलंय, मला माहितीये. तू तीन दिवस मला वेडावून दाखवतोयस. मी कशी बसते, कशी खाते. एवढा राग आला असेल तर सरळ ओरडायचं ना."

कसलं पत्र? मास्तरांनी डोळे मोठे केले. मुलीला वाटलं, ते रागावले.

"थांब, पुरतं ऐक. जुनी पुस्तकं, नकाशे, फाटलेली कागदपत्रं दुरुस्त करायला शिकवतात, त्या संस्थेचं पत्र आहे ते. तीन वर्षं. पन्नास जणांतून आठ घेतले, त्यात मी आहे. पण रेल्वेने बारा तास लांब. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. मी रोज सांगायचं ठरवायचे, पण तुझ्याशी बोलताना वाटतं, मी पहिला गिअर टाकायच्या आत तू ब्रेक दाबणार."

ती बोलतच राहिली. कागदाला धागे कसे असतात, खळ किती पातळ लागते, पहिल्यांदा फाटलेलं पान जोडलं तेव्हा ते उजेडात धरून कसं दहादा पाहिलं. रडत होती आणि मध्येच हसतही होती. मास्तरांच्या डोक्यात मात्र एवढंच घुमत होतं. बारा तास! ताप आला तर कोण पाहणार? त्यांच्या तोंडात एकच वाक्य तयार होतं, 'जाऊ नकोस'. त्यांनी सगळं बळ एकवटून ते म्हटलं. पण बधिर ओठांनी घात केला.

"झाऊ न... एह!"

मुलगी थबकली. "जाऊन ये?"

मास्तरांनी जोरजोरात हात हलवले. मुलीने ते हात घट्ट धरले आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. "बाबा! मला वाटलं होतं तू नाहीच म्हणशील." तिच्या केसांना लहानपणी यायचा तोच खडूसारखा वास येत होता. मास्तरांनी पुन्हा तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

रात्री आठला बायको घरी आली. मुलगी आतल्या खोलीत मावशीला फोनवर सगळं पहिल्यापासून सांगत होती. वाक्यांमागून वाक्यं, श्वास घ्यायलाही फुरसत नाही.

"ती म्हणते, तुम्ही जा म्हणालात," बायको कुजबुजली. "बारा तास लांब! तुम्ही? खरंच?"

मास्तरांच्या गालाचा बधिरपणा केव्हाच उतरला होता. दाढ चांगली ठणकत होती आणि जीभ सुरळीत वळत होती. त्यांनी आतून येणारा आवाज थोडा वेळ ऐकला. मग तोंड वाकडं केलं, गालाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "ओअता एअ ना..."

बायकोने चष्मा वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. आधी तोंडाकडे, मग ओल्या डोळ्यांकडे.

"राहू द्या," ती म्हणाली. "शुक्रवारनंतरच बोला."