न फवारलेला पट्टा

उसातले तण मारण्यासाठी सर्वांत आधी लागते ते तण, ही गोष्ट शेतीशास्त्राला फार उशिरा कळली. तणनाशकाचा गुण दाखवायचा तर शेजारचा एक पट्टा न फवारता ठेवावा लागतो. तिथे गवत जितके माजेल तितके औषध गुणी ठरते.

हंगामी तणनियंत्रण सहायकाने सासऱ्यांच्या उसात असे दोन पट्टे आखले होते. एकावर त्याने लागणीनंतर लगेच औषध फवारले. दुसऱ्यावर जीव लावला. तिथल्या हरळीला आणि लव्हाळ्याला तो वेळेवर पाणी देई, चिमूटभर खतही टाकी (तणाला खत घालायला नियमात बंदी नाही, नियम करणाऱ्यांना ते सुचले नव्हते). पाहणी समितीला दोन पट्ट्यांत फरक दिसला तर तो नोकरीत कायम होणार होता, नाहीतर घरी बसणार होता. त्यामुळे गवत गुडघ्याला लागले तेव्हा त्याला अगदी भरून आले.

मग दोन दिवस तो कचेरीत समितीसाठी खुर्च्या जमवत राहिला. पाहणीच्या सकाळी शेतावर पोचला आणि त्याच्या तोंडचे पाणी पळाले. न फवारलेल्या पट्ट्यात गवताची काडी शिल्लक नव्हती. बांधावर उपटलेल्या तणाचा ढीग होता आणि ढिगाशेजारी सासूबाई खुरपे पुसत बसल्या होत्या.

"आई, हे काय केलंत?"

"मग काय करणार? मोठी माणसं यायची आणि जावयाच्या कामात हे असलं जंगल! कंबर मोडली माझी, पण आता बघा कसं दिसतंय."

तेवढ्यात गाडी आली. समितीने बांधावरूनच पाहणी केली (बुटांची काळजी घेणे हा पाहणीचाच भाग आहे). फवारलेल्या पट्ट्यात चार-दोन लव्हाळे डोके वर काढून होते. न फवारलेला पट्टा लख्ख होता. अध्यक्षांनी दोन्ही पट्ट्यांकडे आळीपाळीने पाहिले.

"म्हणजे शेजारी फवारलं तरी इथलं तण मेलं?"

"साहेब, खरं सांगायचं तर ते सासूबाईंनी..."

"लाजू नका हो. घरच्यांचा पाठिंबा लागतोच."

हे औषध शेजाऱ्याच्या रानात फवारल्यास अधिक परिणामकारक ठरते, असा निष्कर्ष निघाला. यश एकशे आठ टक्के (वरचे आठ शेजारच्या पट्ट्यातले). सहायक कायम झाला. अहवालात सासूबाई कुठेच बसेनात, याचे त्याला वाईट वाटले. पण कायम झाल्याच्या मानाने थोडेच.

पुढच्या हंगामात गावातला प्रत्येक शेतकरी शेजारी कधी फवारतो याची वाट पाहत बसला. गवतात ऊस दिसेनासा झाला. स्वच्छ राहिले ते एकट्या सासूबाईंचे रान. समितीने त्याचे श्रेय गेल्या वर्षीच्या औषधाला दिले. सासूबाई तेव्हा कंबरेला शेक घेत होत्या.

वाचकांना समितीचे हसू येणे स्वाभाविक आहे. हसून झाले की आज आपल्या घरातला केर कोणी काढला, तेवढे आठवून पाहावे. (तो आपोआप निघाला असल्यास समितीत एक जागा रिकामी आहे.)